बोरकरसरांची वाळवंटातली सहल

बोरकरसर कोपऱ्यावर वळताना शिट्टी वाजवायचे. गळ्यात काळी दोरी, दोरीला पितळी शिट्टी. ती अंघोळीलाही उतरत नाही, असं त्यांचा मुलगा निनाद वैतागून सांगायचा. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावातली आमची गल्ली इतकी शांत, की कुत्रीसुद्धा विचार करून भुंकतात. तिथे रोज सकाळी फुर्रर्र! समोरच्या डच आजीबाई सुरुवातीला पडदा सरकवून बघायच्या. पुढे पुढे शिट्टी झाली की त्या कॉफी ठेवायला लागल्या.

सर साताऱ्याकडे एका शाळेत पी.टी. शिकवायचे आणि दर वर्षी मुलांची सहल न्यायचे. त्यांच्या सहलीत मूल हरवलं तरी सापडायचंच, कारण नियम पाठ करून घेतलेला असायचा. "हरवलं तर रडायचं नाही, शिट्टी मारायची. ऐकू आली, तर उत्तर द्यायचं." ओळख झाली त्याच दिवशी त्यांनी मलाही एक लाल प्लास्टिकची शिट्टी दिली. मी चाळिशी ओलांडलेली इंजिनियर बाई, निनादची शेजारीण. मुकाट्याने घेतली.

सर युरोप बघायला आले नव्हते. त्यांची लेक मंजू सीमेपलीकडे, बेल्जियममधल्या एका गावात राहायची आणि तिला दिवस गेले होते. "पहिलं बाळंतपण माहेरी. हिची आई गेली, तेव्हा माहेर म्हणजे आता मी," असं म्हणून ते डिंक, अळीव, खारीक बांधून निघाले. चार दिवस मुलाकडे राहून पुढे जायचं ठरलं होतं. त्या चार दिवसांत कोरोना आला आणि सीमा बंद झाली. मंजूला सातवा लागला तरी बंदच. निनाद म्हणाला, "बाबा, व्हिडिओ कॉल करा ना."

"व्हिडिओवर माहेर होत नाही!" सर कडाडले. भिंतीपलीकडे मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. "रविवारी सहल. वाळवंट. काठापदराची साडी नेसायची."

"वाळवंटात साडी?"

"गणवेश आहे. प्रश्न नकोत."

आमच्या ब्राबांत प्रांतात खरंच वाळवंट आहे. दक्षिणेला एक मोठं उद्यान आहे, वाळूच्या टेकड्या, झुडपं आणि पाइनची झाडं असलेलं. त्यातलं अर्धं नेदरलँड्समध्ये, अर्धं बेल्जियममध्ये. मंजूचं गाव त्याला लागूनच. सरांचा बेत माझ्या लक्षात आला आणि मी कपाटातून पैठणी काढली.

माझ्या गाडीत सर मागच्या सीटवर, खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क. मास्कला शिट्टीपुरतं भोक पाडलेलं. मी म्हटलं, "सर, मग मास्कचा उपयोग काय?" ते म्हणाले, "शिस्तीचा."

पैठणी आणि ट्रेकिंगचे बूट असं ध्यान त्या वाळूत याआधी कुणी पाहिलं नसेल. पाय रुतत होते, निऱ्यांत वाळू भरत होती. समोरून एक डच जोडपं हातात हात घालून आलं. फुर्रर्र! "रांग! एकामागे एक! अंतर ठेवा!" सगळं शुद्ध मराठीत. आणि ते दोघं खरोखर एकामागे एक झाले.

सीमेवर एक जुना दगडी खांब होता, त्याला लाल-पांढरी फीत बांधलेली. एका उडीत ओलांडता आली असती. सर खांबाशी ताठ उभे राहिले आणि शिट्टी वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. नुसता वारा. सरांचा चेहरा एवढासा झाला. तिसऱ्या शिट्टीनंतर पलीकडच्या झाडांतून बारीक आवाज आला, फुर्रर्र! मागोमाग मंजू आली. आधी पोट, मग ती, आणि तिचं कोपर धरून जावई. मंजूच्या तोंडात शाळेतली शिट्टी.

सरांनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू काढलं. "घे. ओटी भर."

माझे हात आखडले. "सर, माझा घटस्फोट झालाय. मला नाही चालत हे." आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाची बोलावणी मला यायची केव्हाच थांबली होती, आणि ते मला लागलं होतं.

"मग मी कोण? विधुर! पोरीच्या ओटीला माया लागते. नवरे कसले मोजता?" सर इतक्या जोरात ओरडले, की झुडपातला पक्षी उडाला. "आणि कुणाला चालत नसेल, त्याने इथवर चालत येऊन सांगावं."

त्यांनी खांबावर नारळ ठेवला. मी खण ठेवला, ओंजळीने तांदूळ वाहिले, नारळाला हळदकुंकू लावलं. डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवून आम्ही मागे सरलो. मंजू पुढे आली आणि तिने सगळं पदरात घेतलं. तीही साडी नेसून आली होती. वाकता येत नव्हतं, म्हणून तिने उभ्यानेच हात जोडले. बाप आणि लेक, मध्ये एक फीत. ती फीत त्या दिवशी मला तोडून टाकावीशी वाटली.

परत फिरलो. टेकडीचं वळण आलं. सरांनी सवयीने शिट्टी ओठांशी नेली, पण फुंकरच निघेना. मी पर्समधली लाल शिट्टी काढली आणि जीव खाऊन वाजवली.

पलीकडून लगेच उत्तर आलं.

सर वळले नाहीत. भोकाच्या मास्कने डोळे पुसत म्हणाले, "ऐकलंस? रडत नाहीये ती."