इंदुमतीबाई सभेतून उठल्या त्याची हकीकत

श्रीकृपेकरून लेखणी चालती जाहली, श्रोतेजनी स्वस्थ बसोन चित्त द्यावे. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरी राज्यात साथीने कहर मांडिला, आणि हुजुरांचे फर्मान सुटले की कचेरीस कोणी येऊ नये, ज्याने त्याने घरीच बसोन चाकरी करावी. तेव्हा पाणीखात्याच्या फडावर इंदुमतीबाई म्हणोन मोठ्या कर्त्या होत्या. त्यांणी जेवणाच्या मेजावर लॅपटॉप मांडून कचेरी थाटिली. प्रथम बहुत संतोष जाहला, की जाण्यायेण्याची दगदग चुकली आणि वृद्ध वडील त्र्यंबकपंत यांस सोबत जाहली. मग रयतेच्या तक्रारी वाढल्या, आणि सभा वाढल्या, आणि ताट यंत्राशेजारी येऊ लागले, आणि पंत काही बोलू जाता बाईंनी मान न वळविता "हो बाबा, नंतर" म्हणावे ऐसे जाहले. पंत समजूतदार, आपला चहा घेऊन गॅलरीत बसत.

मग एके दुपारी सभा भरली असता पंत मेजापाशी आले आणि म्हणाले, "इंदू, हात कसासाच होतोय गं." बाई म्हणाल्या, "पाचच मिनिटं, बाबा." पंत माघारी फिरले. तो शेजारच्या जुलेखाबी वाटी परत करावयास दारी आल्या होत्या, त्यांणी पंतांचे तोंड वाकडे जाहलेले पाहिले आणि ओरडल्या, "इंदू, बंद कर ते! बाबांना बघ आधी!" बाईंनी मान वळविली आणि सभा तैसीच टाकून धावल्या. मग जुलेखाबींनी रिक्षा थांबविली, आणि पंतांस आधार देऊन इस्पितळी पोचविले. डॉक्टर बोलिले, "वेळेवर आणलंत म्हणून वाचले."

बाई बाकावर बसोन रडत होत्या, तोच ती सभा चालविणारे फडनायक भुजंगराव शितोळे यांचा फोन आला. बाईंस वाटले, चाकरी गेली. म्हणाल्या, "साहेब, बाबा मला सांगत होते, आणि मी ऐकलं नाही." नायक म्हणाले, "बाई, त्यांचा आवाज मलाही ऐकू आला होता. मीही पुढेच बोलत राहिलो."

मग नायकांनी हुकूम काढिला की जेवणवेळी सभा नाही, दिवेलागणीनंतर यंत्र नाही, आणि घरात कोणी हाक मारील तर उठावे, कारण कोणी पुसू नये. वरून जाब पुसला, तो नायकांनी आपल्या अंगावर घेतला. काही दिवस काम तुंबले, आणि मग माणसे विसावली तैसे काम मार्गी लागले.

पंतांची गेलेली वाचाही हळूहळू परतली. एके सकाळी भर सभेत त्यांणी हाक मारिली. बाई "उठते" म्हणाल्या आणि उठल्या. पंतांस सांगावयाचे इतकेच होते की खाली शेवग्यास फुले आली. बापलेक कठड्याशी उभी राहोन पाहत राहिली.

येणेप्रमाणे वर्तमान घडले. जुलेखाबींचे, डॉक्टरांचे आणि नायकांचे उपकार बाई नित्य बोलतात, म्हणोन आम्हीही लिहोन ठेविले. त्या सकाळी फुले पाहण्यात बराच वेळ गेला, आणि राज्याचे काही अडले नाही.