अर्ध्या रणगाड्याची परतभेट

"अहो, तुम्ही माझ्या पाठीमागे का उभे आहात?" फुमिएने मुळा किसता किसता विचारलं.

"उभा आहे नुसता," यासुहिको म्हणाला.

"तेच विचारतेय. नुसते का उभे आहात?"

कात्सुमाता यासुहिको शिझुओकातल्या एका चहाच्या पेढीत उभा जन्म काढून मार्चअखेर निवृत्त झाला होता. तेव्हापासून तो घरात जिथे उभा राही, तिथलंच काहीतरी फुमिएला नेमकं हवं असे. मिसोचा डबा काढायचा तर हा कपाटाला टेकलेला, केर काढायचा तर हा केराच्या वाटेत. गावातल्या बायका निवृत्त नवऱ्याला 'मोठा कचरा' म्हणतात, म्हणजे नगरपालिकेला फोन करून खास गाडी बोलवावी लागते तसला. फुमिए तसं कधी म्हणाली नाही. ती फक्त गाडीचा वार कोणता, हे अधूनमधून मोठ्याने आठवायची.

त्यात खोलीचा प्रश्न होता. मुलगी चिनात्सु लग्न होऊन नागोयाला गेली आणि तिची चटयांची खोली रिकामी झाली. फुमिए आणि तिच्या मैत्रिणी दर शनिवारी हवाईचा हुला नाच करायच्या. त्यांचं सभागृह दुरुस्तीसाठी बंद झालं होतं, आणि कंबरेला फुलं बांधलेल्या साठीच्या सहा बायका जागेच्या शोधात होत्या.

"ती खोली मला हवी होती," यासुहिको म्हणाला.

"कशाला? नुसतं उभं राहायला?"

"छंदासाठी."

"कुठला छंद? पेपर वाचणं हा छंद नव्हे, तो आळस आहे."

यासुहिको अडकला. त्याच्या तोंडून जे निघालं ते केवळ गावच्या हवापाण्यामुळे. जगभरचे हौशी लोक जिथले सुटे भाग जोडून बनवायचे प्लॅस्टिकचे छोटे रणगाडे मागवतात, तिथे तो जन्मला आणि म्हातारा झाला होता. स्टेशनाजवळची टपालपेटीसुद्धा तिथे खेळण्याच्या सुट्या भागांसारखी चौकटीत बसवलेली आहे.

"मी रणगाडा बनवणार आहे," तो म्हणाला.

फुमिएने किसणी खाली ठेवली. "ठीक आहे. महिनाअखेर त्या खोलीत एक तरी पुरा झालेला रणगाडा उभा दिसला, तर खोली रणगाड्यांची. नाही दिसला तर हुलाची."

यासुहिकोला रणगाड्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं. त्याला आतून लावता येईल असं एक दार हवं होतं. स्वतःच्याच घरात आपण कुणाच्या तरी वाटेत आहोत, ही भावना त्याला सकाळी उठल्यापासून टोचायची, आणि रविवारी तर फारच.

दुसऱ्या दिवशी तो आमानोसानच्या, म्हणजे आमानोरावांच्या, रणगाड्यांच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे छतापर्यंत रचलेली खोकी आणि मधून एका सडपातळ माणसापुरती वाट. गल्ल्याजवळ दोन स्टुलं होती. एकावर निवृत्त दंतवैद्य मुरामात्सुसान, दुसऱ्यावर टुना माशाचे व्यापारी शिरातोरीसान. दोघांना पाहून वाटावं, दुकान यांच्याभोवती मागाहून बांधलं असेल.

"पहिलाच रणगाडा करायचाय. कुठला घेऊ?" यासुहिकोने विचारलं, आणि इथेच तो फसला. दुकानात तिघं होते आणि तिघांनाही आयुष्यात एवढा सुंदर प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"एकरंगी घ्या," मुरामात्सुसान म्हणाले. "ठिपके-पट्टे रंगवायला गेलात तर रणगाड्याची गाय होईल."

"दातवाल्यांचं ऐकू नका," शिरातोरीसान म्हणाले. "पहिला रणगाडा मोठा घ्यावा, लांब नळीचा, बघताच जीव जडेल असा. पहिल्या बायकोसारखा."

"तुम्हाला दुसरी कुठंय?"

"म्हणून तर सांगतोय. पहिलीच जन्मभर पुरते, तेव्हा नीट बघून घ्यावी."

"पट्टा बघा, पट्टा," आमानोसान म्हणाले. "चाकांवरचा पट्टा एकसंध रबरी असेल तरच घ्या. कडीला कडी जोडायची असेल तर सोडून द्या. एक कडी चटईवर पडली की माणूस तिच्यामागे कपाटाखाली शिरतो, तो जेवायलाच बाहेर येतो."

यासुहिकोने एका खोक्याला हात लावला. शिरातोरीसाननी दातांतून 'स्स्स' अशी हवा आत ओढली. त्या गावात कुणी अशी हवा ओढली की समोरच्याने हात मागे घ्यायचा असतो. त्याने दुसऱ्याला हात लावला, तर मुरामात्सुसाननी ओढली. तिसऱ्याला खुद्द दुकानदारानेच ओढली, आणि माल विकायला बसलेल्या माणसाने असं करावं याला धंद्याच्या भाषेत काय म्हणतात, कोण जाणे. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणावं, पण इथे व्यक्ती तीन आणि नकार असंख्य.

"विकत कशाला घेता?" मुरामात्सुसान एकदम म्हणाले. "माझ्याकडे एक जादाचा आहे. नवा कोरा. घेऊन जा."

"छे छे, नको."

"घ्या हो."

"खरंच नको."

"अहो, घ्याच."

आता यासुहिकोला तो खरोखरच नको होता. पण तिथली रीत अशी की देणाऱ्याला पहिल्यांदा नको म्हणणं ही सभ्यता, दुसऱ्यांदा नको म्हणणं ही अधिक सभ्यता, आणि तिसऱ्यांदा नको म्हणणं हा अपमान. त्याचे दोन्ही खरेखुरे नकार सभ्यतेच्या खात्यात जमा झाले. तिसऱ्या खेपेला त्याने कमरेत वाकून खोकं घेतलं. ते बघून शिरातोरीसाननी गाडीतून आपलंही एक आणलं, आणि पुन्हा छे छे, खरंच नको, घ्याच. भीड भिकेची बहीण म्हणतात ती उगीच नाही.

त्या म्हाताऱ्यांच्या औदार्यामागे कारण होतं. रणगाडे बनवणाऱ्या हौशी म्हाताऱ्यांचं गावात एक मंडळ होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे न उघडलेली इतकी खोकी साठली होती की सगळी बनवायला आणखी एक जन्म घ्यावा लागला असता. बायकांची सक्त ताकीद होती की नवं खोकं घरात येता कामा नये आणि जुनी विकून टाका. विकायचं म्हणजे काळीज तुटायचं. पण होतकरू माणसाला भेट दिली तर काळीजही शाबूत आणि कपाटात नव्यासाठी जागाही झाली. बिनखोक्याचा एक निवृत्त गृहस्थ सापडल्याची बातमी मंडळभर पसरली. आठवड्याभरात चिनात्सुच्या खोलीत एक भिंत उभी राहिली. यासुहिको रोज सकाळी त्या भिंतीसमोर मांडी घालून बसायचा. एकरंगी होता त्याचा पट्टा कड्यांचा, रबरी पट्टा होता त्याच्यावर ठिपके, आणि ज्याच्यावर जीव जडला त्याला आतून इंजीनसुद्धा बनवायचं होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

"ही कुणी दिली?" फुमिएने विचारलं.

"मंडळींनी. भेट म्हणून."

"भेट?" तिचा चेहरा बदलला. "मग परतभेट?"

बाकी कशात फुमिए सूट देईल, पण परतभेटीत नाही. कुणी काही दिलं की त्याच्या अर्ध्या किमतीचं परत गेलं पाहिजे, वेष्टन नीट पाहिजे, आणि घरातल्या बाईने देणाऱ्याच्या घरातल्या बाईला फोन करून आभार मानले पाहिजेत. तिने चहाचे डबे बांधले, पाठवले आणि फोन घेतला. तो फोन करू नये, असं तिला सांगायला मंडळातला एकही म्हातारा त्या वेळी घरात नव्हता.

"मुरामात्सुबाई, तुमच्या यजमानांनी आमच्याकडे रणगाडा दिला, फार फार उपकार झाले."

"कुठला रणगाडा?" मुरामात्सुबाई म्हणाल्या. "त्यांनी तर गेल्या वर्षीच सगळे विकले."

"असं? मग हा कुठून आला असेल?"

"तेच बघते आता," मुरामात्सुबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

त्या दुपारी मुरामात्सुसानच्या बंद दवाखान्यातल्या दात काढायच्या खुर्चीमागे खोक्यांचा कोट निघाला. शिरातोरींच्या घरी मासळीच्या जुन्या शीतपेटीत निघाली, वर 'बिघडली आहे, उघडू नये' अशी पाटी लावून. बायकांचा आपापसात फोन झाला आणि दोन गोष्टी एकदम उघड झाल्या. एक म्हणजे नवरे खोटारडे आहेत, पण ही काही बातमी नव्हती. दुसरी म्हणजे कात्सुमातांच्या घरी खोकी घेतात आणि वर उत्तम चहा पाठवतात.

दुसऱ्या दिवशी मुरामात्सुबाई दारात हजर. मागे गाडीत खोकी, हातात लाकडी पेटीतलं महागडं खरबूज.

"तुमच्या यजमानांना आवड आहे म्हणून आणलं."

"छे छे, नको," फुमिए म्हणाली.

"घ्या हो."

"खरंच नको."

"घ्याच."

यासुहिको जिन्यावर उभा राहून ऐकत होता. जे आपल्याला दुकानात जमलं नाही, ते एवढ्या करड्या बाईलाही जमत नाही, हे पाहून त्याला लाज वाटावी की आनंद व्हावा हे ठरेना. शेवटी आनंदच झाला. संध्याकाळपर्यंत शिरातोरीबाईही येऊन गेल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं खरबुजांची परतभेट म्हणून फुमिएने आणखी चहा पाठवला आणि तो पिऊन ताज्यातवान्या झालेल्या बायकांनी आणखी कपाटं उपसली. खोलीत आता दार उघडून तिरकं आत जावं लागे.

महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला. आज नाही तर कधीच नाही, म्हणून यासुहिकोने डोळे मिटून भिंतीतलं एक खोकं ओढलं, वर्तमानपत्र पसरलं आणि सुट्या भागांच्या चौकटीतून पहिलं चाक कापलं. चाक बोटांच्या चिमटीत धरून तो बघत राहिला. त्याला ते चक्क आवडलं. इवलंसं, गोल, कुणाच्याही वाटेत न येणारं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात मुरामात्सुसान आणि शिरातोरीसान माना खाली घालून उभे होते.

"आमची खोकी इथे आहेत म्हणे," मुरामात्सुसान म्हणाले. "न्यायची नाहीत. नुसती बघायची होती."

"माझी तर आता घरात बसायचीही सोय नाही," शिरातोरीसान म्हणाले. "बायको ती शीतपेटी उघडून बघते आणि मग माझ्याकडे बघते."

यासुहिकोने त्यांना आत घेतलं. दोघं आपापल्या खोक्यांवरून हात फिरवत बसले. मग मुरामात्सुसानची नजर त्याच्या हातातल्या चाकाकडे गेली.

"तसं नाही कापायचं. द्या इकडे, दाखवतो."

"नको, मी करतो."

"द्या हो."

"खरंच, मी करतो."

"द्याच."

आणि यासुहिकोने, बापजाद्यांपासून चालत आलेल्या सभ्यतेला स्मरून, चाक दिलं. चाकामागोमाग सांगाडा गेला आणि सांगाड्यामागोमाग बुरुज. दंतवैद्याचा हात तो, कड्या अशा बसवत गेला की जणू दाढाच बसवतोय. शिरातोरीसान रंग लावायला बसले. डिंकाच्या वासाने की काय, मंडळातले आणखी दोघं येऊन टपकले. खोलीत जागा उरली नाही म्हणून यासुहिको उठला, आणि उठलाच आहे तर चहा टाकतो, असं आपणच म्हणाला. तो चहा घेऊन आला तेव्हा त्याच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं.

संध्याकाळी फुमिए खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. वर्तमानपत्रावर हिरवागार, एकरंगी रणगाडा उभा होता.

"पुरा झालाय?" तिने विचारलं.

"रंग वाळायचाय फक्त," शिरातोरीसान म्हणाले.

"मग खोली रणगाड्यांची," फुमिए म्हणाली. शब्दाला ती पक्की होती. "हुलाचं झालं आमचं. मुरामात्सुबाईंकडे दवाखाना मोकळा झालाय ना, तिथे नाचतो. आरसेसुद्धा आहेत."

चौघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. दर शनिवारी यायचं ठरलं, मग बुधवारीही. बायकांना घर मोकळं मिळालं, नवऱ्यांना खोकी मिळाली, हुलाला आरसे मिळाले. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं, तो रिकामा ट्रे घेऊन बोळात उभा होता. खोलीचं दार आतून लावलेलं होतं. त्याला फार एकटं वाटलं, आणि आपण शहाण्या माणसासारखं मासे पकडायला जातो म्हणालो असतो तर, असाही विचार येऊन गेला.

पुढल्या मंगळवारी जेवण झालं तरी तो मेजापाशीच बसून होता. फुमिएने कपाटातून एक पुडकं काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. वेष्टन नीट होतं, घड्या काटेकोर. आत एक लहानसं खोकं होतं.

"आणखी कुणी दिलं हे?" यासुहिकोने थकून विचारलं.

"मी. दुकानातून आणलं. तिघंही तिथेच बसले होते. मी म्हटलं, कुणी तोंड उघडायचं नाही आणि कुणी हवासुद्धा ओढायची नाही."

"मग निवडलंस कसं? पट्टा बघून?"

"कसला पट्टा? चित्र बघून." तिने खोक्यावर बोट ठेवलं. बुटका, लहान नळीचा एक रणगाडा होता आणि त्याच्या बुरुजातून एक शिपाई अर्धवट बाहेर आला होता. "हा बघा. बाहेर यावं की आत जावं, काही ठरत नाहीय त्याचं. नुसता उभा आहे. म्हटलं, हाच आपला."

यासुहिको त्या शिपायाकडे बराच वेळ बघत राहिला.

"घ्या," फुमिए म्हणाली.

त्याने घेतलं. एकदाही नको म्हटलं नाही. फुमिए जरा चपापलीच, कारण उरलेले दोन 'घ्या' तिच्या तोंडात तसेच राहिले.

"पण बनवू कुठे? खोलीत तर मुंगीला शिरायला जागा नाही."

"इथे बसा मेजावर. खाली पेपर घाला. आणि डिंक सोया सॉसच्या बाटलीशेजारी ठेवू नका, एवढंच सांगते." तिने आपली खुर्ची जरा सरकवून त्याच्यासाठी जागा केली. "आणि हो, ही भेट आहे. अर्ध्या किमतीची परतभेट द्यायची असते. विसरू नका."

बायकोला अर्ध्या रणगाड्याची परतभेट काय द्यावी, याबद्दल त्या गावात कुठलीच रीत नव्हती. यासुहिकोने थोडा विचार केला. मग तो उठला, बाह्या वर केल्या आणि मोरीपाशी जाऊन भांडी घासली.

अर्धी.