उंदरांचा बेंदूर

समताने प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. बारा पांढरे उंदीर एकाच पिंजऱ्यात बसून पुरणपोळी कुरतडत होते, आणि एकाच्याही शेपटीवर शाईने घातलेला नंबर उरला नव्हता.

"बेंदूर हाय न्हवं आज," उंदरांची देखभाल करणारे रवळूआप्पा टॉवेल पिळत म्हणाले. "जनावरांस्नी धुतलं, पोळी चारली. बैल इकून दोन वर्सं झाली. आता माझ्याकडं हीच."

निपाणीत वाढलेल्या समताला बैलांचा हा सण ठाऊक नव्हता असं नाही. पण बैल धुतल्याने कुणाची पीएचडी वाहून जात नाही. डीएनएला इजा झाली की पेशीत दुरुस्तीची हाक देणारा एक जीन असतो. एक ते सहा नंबरच्या उंदरांत तो बंद केलेला, सात ते बारांत शाबूत. त्याच्यावाचून दुरुस्ती किती अडते, हे ती आठ महिने मोजत होती. कोणता उंदीर कोणता हेच कळेना, म्हणजे सगळी मोजमापं चुलीत. फेलोशिप ऑगस्टात संपणार होती.

वडिलांच्या वयाच्या माणसाला बोलू नये ते सगळं ती बोलली. आप्पांनी पिंजऱ्यात हात घातला.

"ह्यो तुमचा तीन नंबर. खाताना वाटीत पाय ठेवतोय. ह्यो अकरा, लई लाजरा." पाव तासात त्यांनी बाराही ओळखले. "गोठ्यातली जनावरं नंबर घालून कोण वळखतंय, आक्का?"

तिचा काडीचा विश्वास बसला नाही. तरी त्यांच्या सांगण्याप्रमाणे नंबर घातले आणि प्रत्येकाच्या कानाचा बारीक तुकडा जीनच्या तपासणीला पाठवला. चार दिवस तिला जेवण गेलं नाही. रिपोर्ट आला. दहा जुळले, दोन चुकले. चार नंबरमध्ये बंद हवा तो जीन शाबूत होता, नऊमध्ये शाबूत हवा तो बंद.

आप्पांनी दोघांना पुन्हा हातात घेऊन पाहिलं. "ह्यो चारच. पयल्या दिवसापासनं," म्हणाले, आणि हटेनात.

त्यांना खोटं पाडायलाच तिने जुनी वही उघडली. जीन बंद धरलेला असूनही चारची दुरुस्ती पहिल्यापासून झकास होती. नऊची रडतखडत. यावरून गाईड सरांनी दोनदा तिचा प्रयोगातला हात कच्चा ठरवला होता. तिने दोन्ही ओळींची अदलाबदल केली आणि आठ महिन्यांचा तक्ता सरळ बसला.

पहिल्या दिवशी नंबर तिनेच घातले होते, चार आणि नऊ उलटे. लाजेने तिचे कान तापले. आप्पांना वहीतलं काही कळलं नाही, पण तिचा चेहरा कळला.

"सरांस्नी सांगा, आप्पानं धुताना घोळ केला," ते हळूच म्हणाले. "मला मेमो देतील. तुमचं नाव कशाला?"

समताने तिथेच उभं राहून सरांना फोन लावला आणि आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मग सरांनी विचारलं, आठ महिने न दिसलेली चूक आत्ता कोणत्या पद्धतीने सापडली?

"उंदरांना अंघोळ घातली, सर," ती म्हणाली.