आठाच्या आकड्यातला बेल्ट

पद्माकर कुरणे सकाळी गाडी सुरू करत, तेव्हा एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या गल्लीत कुणाला गजर लावावा लागत नसे. बॉनेटखालून चींऽऽऽ अशी लांबलचक किंकाळी निघे, कुत्री उठत, आणि समोरच्या बाई धाडकन खिडकी लावून घेत. मग पद्माकर इंजिनाच्या बेल्टवर बाटलीतलं पाणी शिंपडत. किंकाळी थांबे आणि ते समाधानानं बॉनेट आपटत.

त्या सोमवारी मात्र अख्खी बाटली संपली, तरी किंकाळी थांबली नाही. आणि नेमकी त्याच दिवशी त्यांच्या बायकोची, आसावरीची, ड्रायव्हिंगची परीक्षा होती. तिसरी! आधी दोनदा ती नापास झाली होती आणि शिकाऊ लायसन्सचे आता चारच दिवस उरले होते. व्हाइटफील्डला लेकीकडे जायचं म्हटलं की नवऱ्याला आठ दिवस आधी मस्का लावावा लागे. ते आता तिला संपवायचं होतं.

"अहो, मंजुनाथ काय सांगून गेला? बेल्ट लगेच बदला म्हणाला होता."

मंजुनाथ हा कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक, मूळचा बेळगावकडचा. शनिवारी घरी येऊन त्यानं टॉर्चच्या उजेडात आसावरीला बेल्ट दाखवला होता. आतल्या बाजूला चिरा पडलेल्या, कडेचे धागे सुटलेले. "अक्का, पाण्यानं आवाज जातोय, रोग नाही जात. स्टिअरिंग पुरं वळवलं की जास्त ओरडतोय, बघितलं? बॅटरीचं चार्जिंग, पाण्याचा पंप, स्टिअरिंग, सगळं ह्याच्यावरच फिरतंय. हा गेला की गाडी जागच्या जागी बंद करायची. नाहीतर इंजिन तापून संपलं."

"त्याला काय, तो सगळंच बदला म्हणतोय," पद्माकर म्हणाले. "बेल्ट तुटल्यावर बदलतात. तुटलाय का? नाही. चल, बस."

आरटीओच्या मैदानावर इन्स्पेक्टर भाग्यलक्ष्मी मॅडम सकाळपासून एकेकाला घरी पाठवत होत्या. एकानं खांब पाडला होता, दुसऱ्यानं वायपर लावून उजवीकडे वळण घेतलं होतं. आसावरीचा नंबर आला तेव्हा मॅडम शेजारी बसल्या आणि पद्माकर दोरीपलीकडे उभे राहिले.

गाडी किंचाळली. मॅडम दचकल्या. "हे काय?"

"बेल्ट आहे मॅडम. नवरा बदलू देत नाही."

"सरी, ठीक आहे. आठाचा आकडा काढा."

पहिलं गोल वळण झकास झालं. चाक रेषेला शिवलंसुद्धा नाही. दुसऱ्या वळणासाठी तिनं स्टिअरिंग पुरं फिरवलं. किंकाळी टिपेला पोहोचली आणि फट्! एकदम शांतता. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि हातातलं स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं.

आसावरीनं दात आवळले. दोन्ही हातांनी, खांद्यांनी, जवळजवळ सीटवरून उठून तिनं ते वळण पुरं ओढून काढलं. गाडी रेषेबाहेर गेली नाही. मग तिनं इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"चढावरची परीक्षा राहिलीय अजून," मॅडम म्हणाल्या.

"बेल्ट तुटला, मॅडम. पाण्याचा पंप फिरत नाही आता. अशीच चढावर नेली तर इंजिन जळेल." तिनं किल्ली काढून हातात घेतली. "नापास केलंत तरी चालेल. मी नाही सुरू करणार."

तेवढ्यात पद्माकर दोरी ओलांडून धावत आले. "अगं, बंद कशाला केलीस? कायबी होत नाही! मार स्टार्टर! एवढं सांभाळून घ्या मॅडम, ती घाबरालीय."

भाग्यलक्ष्मी मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आसावरीकडे. "बावीस वर्षांत इथं बिघडलेली गाडी तशीच रेटून नेणारे खूप बघितले. वेळेवर बंद करणारं कुणी बघितलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीपर्यंत वेळ देते. बेल्ट घालून आणा."

आसावरीनं फोन लावला. मंजुनाथ अर्ध्या तासात नवा बेल्ट घेऊन हजर झाला. "शनिवारीच आणून ठेवला होता अक्का," तो म्हणाला. "स्वल्प थांबा." त्यानं बाह्या सरसावल्या. बेल्ट बसला, गाडी हूं की चूं न करता सुरू झाली आणि आसावरीनं चढावर ती थांबवून, इंचभरही मागे न जाऊ देता, वर नेली.

"पास!" मॅडम म्हणाल्या. आसावरीनं आनंदानं मॅडमचेच हात धरून हलवले.

"कार्ड घरी येईपर्यंत शेजारी लायसन्सवाला पाहिजे हं," मॅडम म्हणाल्या. "कोण आहे?"

"मी की!" पद्माकरांनी ऐटीत पाकीट उघडलं.

मॅडमनी त्यांचं लायसन्स उजेडात धरलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. "साहेब, हे दीड वर्षापूर्वी संपलंय."

"संपलंय? पण मी रोज चालवतो की गाडी!"

"हे माझ्यासमोर मोठ्यानं सांगू नका. वर्ष उलटून गेलंय, आता नुसतं रिन्यू होणार नाही. पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. आठ येतं ना काढायला?"

पद्माकरांनी मैदानावरच्या त्या दोन गोल वळणांकडे पाहिलं. "आमच्या वेळी सरळ चालवायला लावत होते," ते हळूच म्हणाले.

मंजुनाथनं आपली स्कूटर वॉचमनजवळ ठेवली आणि लायसन्सवाला म्हणून पुढे आसावरीशेजारी बसला. पद्माकर मागच्या सीटवर जाऊन बसले. फाटक ओलांडताना आसावरीनं आरसा जरा खाली वळवला. त्यात नवऱ्याचा चेहरा नीट दिसला.

"कार्ड आलं की दुसऱ्याच दिवशी पहाटे सहाला तयार राहा," ती म्हणाली. "आणि शिकवताना मी ओरडले, तर मनावर घेऊ नका."