सहरच्या मूळ गावाचा रकाना

माणसाची ओळख त्याच्या पाठीमागे करून देणं कुणालाही जमतं. तोंडावर करून द्यायची तर समिती लागते. जेद्दाच्या लाल समुद्र मराठी स्नेहमंडळाने हे सत्य फार लवकर ओळखलं. मंडळाच्या घटनेप्रमाणे प्रत्येक पाहुण्याकडून चौदा रकान्यांचा परिचय-तक्ता भरून घेतला जातो. तक्त्याशिवाय शाल नाही, शालीशिवाय भाषण नाही. (नारळ श्रीलंकेहून येतो; त्याला तक्ता लागत नाही.)

यंदा मालिकेतल्या एका नटाचा व्हिसा अडकला आणि कार्यक्रमाला जेमतेम आठवडा उरला. तेव्हा चिटणीस गिरीशला आपल्याच इमारतीचा वरचा मजला आठवला. तिथे अस्मा खाला (म्हणजे मावशी) राहायच्या, वय चौऱ्याऐंशी, नजर जवळपास गेलेली. त्यांच्या बहिणीची नात सहर इंग्लंडहून महिनाभर आली होती, आणि ती कादंबरीकार होती. गिरीशला यात ईश्वरी संकेत दिसला. अध्यक्ष अण्णासाहेबांना लिफ्टने येणारा पाहुणा दिसला.

सहरची कारकीर्द गिरीशने मन लावून अभ्यासली. वय अठ्ठावीस. जन्म लीड्सचा, वडील औषधविक्रेते, घराणं पॅलेस्टाईनचं. एक कादंबरी, दोन पुरस्कार, एक्केचाळीस मुलाखती. त्यांपैकी एकोणतीस मुलाखतींत तिला कालच्या बातम्यांबद्दल विचारलं गेलं, नऊंमध्ये आजी काय रांधायची याबद्दल, आणि तिघांनी कादंबरीबद्दल विचारलं (त्यातल्या एकाने पानं किती, असं). प्रकाशकाने मुखपृष्ठावर ऑलिव्हचं झाड आणि एका बाईचे डोळे छापले होते. कादंबरीत ऑलिव्ह नाही, पेरू आहे. पण पेरूने दुःख पोचत नाही, असं विक्री विभागाचं मत पडलं. विक्री विभागाला झाडांतलं कळतं, हे मान्य करायला हवं.

तक्ता अडला तो सातव्या रकान्यात: मूळ गाव. सहरने एक नाव लिहिलं. गिरीशने ते मोबाइलच्या नकाशात टाकलं, तर रियाधमधलं एक फर्निचरचं दुकान निघालं.

"हे गाव सापडत नाहीये," तो म्हणाला. (संभाषण इंग्रजीत, गिरीशचं मन मराठीत.)

"आता नाहीच आहे ते. आजीला आणि खालाला लहानपणी तिथून हुसकलं. मग घरं पाडली."

गिरीशचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही प्रकल्पग्रस्त! आमचंही गाव धरणात गेलं. कोयनेच्या."

"धरण नव्हतं."

"पर्यायी जमीन दिली?"

"नाही."

"सुरुवातीला देत नाहीतच. अर्ज करावा लागतो."

सहरने अर्ज केला, पण मंडळाकडे आणि फक्त दहा मिनिटांसाठी. कादंबरीचं पहिलं पान तिने अरबीत उतरवलं होतं. "घरी वाचून दाखवते म्हटलं तर खाला ऐकत नाही," ती म्हणाली. "गावाचं नाव तिला एकदा मायकवर ऐकायचंय, भरल्या सभेत. सत्त्याहत्तर वर्षांत कुणी चार लोकांत ते घेतलेलं नाही, म्हणते."

समितीत हरकत आली की अरबी कुणाला कळणार? अण्णासाहेबांनी मंगलाष्टकांचा दाखला दिला आणि हरकत निकालात निघाली. दहा मिनिटं मंजूर झाली. नकाशात नसलेलं गाव मात्र परिचयात घेता येईना, म्हणून गिरीशने सातव्या रकान्यात लिहिलं, "लीड्स (प्रकल्पग्रस्त)".

"अहो, ते नाव खोडू नका," त्याची बायको अलका म्हणाली. मंडळात कादंबरी वाचलेली तेवढी एकच. "पुस्तकाचं नावही तेच आहे. आणि उद्या जरा कमी बोला."

शुक्रवारी चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. हॉल मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानपर्यंतच मिळाला होता. दीपप्रज्वलन झालं (हॉलच्या नियमांमुळे बॅटरीचं), स्वागतगीत झालं, अण्णासाहेबांच्या दोन शब्दांना पाऊण तास लागला. पहिल्या रांगेत खाला ठेवणीतला अबाया घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. मग गिरीश पाच मिनिटांच्या परिचयाला उभा राहिला.

सहा रकाने त्याने झटपट उरकले. सातव्यापाशी तो स्वतःच्याच गावावर आला. मे महिन्यात पाणी उतरलं की दिसणारा देवळाचा कळस, तो बघायला काठावर जाऊन बसणारे आजोबा, नव्या वसाहतीत शेवटपर्यंत न रुजलेला फणस. वीस वर्षं जेद्दात राहून हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं फार छान, कसलीही लबाडी न करता. वेळ: चौतीस मिनिटं. उपस्थिती पंच्याण्णव, रडलेले बासष्ट. त्यानंतर तिघांनी जागेवरून उठून आपापली गावं सांगितली. तिसरं गाव अर्ध्यावर असताना अजान झाली.

"यल्ला, खलास," म्हणत हॉलच्या माणसाने मायक काढून घेतला.

सहर हातात पान आणि खांद्यावर शाल घेऊन उभी होती.

"अहो, तिचं राहिलं!" अलका ओरडली.

"कुणाचं?" गिरीशने डोळे पुसत विचारलं. मग त्याला कळलं. 

तो खालांपुढे जाऊन उभा राहिला. माफी कोणत्या भाषेत मागावी हेच त्याला सुचेना. खाला सहरला काहीतरी म्हणाल्या.

"इतका वेळ तू का रडत होतास, ते अलका मला सांगत होती आणि मी तिला," सहर म्हणाली. "ती विचारतेय, तुझ्या गावाचं नाव काय?"

"आंबेखोल," गिरीश पुटपुटला.

"आंबेखोल!" खाला रिकाम्या होत चाललेल्या हॉलमध्ये मोठ्याने म्हणाल्या. आणि बरोबर आलं की नाही याची खात्री व्हावी म्हणून पुन्हा एकदा म्हणाल्या. तोवर मसालेभाताची रांग दारापर्यंत गेली होती.

कार्यवृत्तात नोंद आहे: "पाहुण्यांनी समर्पक मनोगत व्यक्त केले." सहर रविवारी परत गेली. तिच्या गावाचं नाव पंच्याण्णव जणांपैकी कुणीही विचारलं नाही, याबद्दल तुम्हाला मंडळावर हसायचं असेल तर खुशाल हसा. फणस, पेरू, कळस, सगळं वाचत तुम्हीही इथवर आलात. नाव तुम्हीही विचारलेलं नाही.