मेश्रामभाऊंचा सकाळचा चहा

आमच्या साकोलीच्या दवाखान्यात भल्याभल्यांना आल्या पावली परत पाठवण्याची हिंमत एकाच माणसात आहे. ते म्हणजे प्रयोगशाळेतले मेश्रामभाऊ. कफाची डबी उजेडात धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि डबी ज्याची त्याच्या हातात परत द्यायची. "हे थुंकी होय जी. मले बेडका पायजे. छातीतून काढा, घशातून नाई." एका सरपंचांना त्यांनी तीनदा परत पाठवलं. चौथ्या खेपेला सरपंच असे खोकले, की मी औषधांच्या खिडकीत दचकून उठले.

मोठ्यांचं ठीक आहे हो. लहान लेकरांना बेडका थुंकता येत नाही, ती गिळून टाकतात. मग क्षयाचा जंतू शोधायचा कुठे? तर सकाळी, लेकराच्या पोटात काहीही जाण्याआधी, नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी काढायचं. नळी घालायच्या सिस्टर, हातपाय धरायचे मेश्रामभाऊ. सिस्टरना पोरं विसरतात, भाऊंना मात्र पक्कं लक्षात ठेवतात. भाऊ बाजारात दिसले की आईच्या पदराआड लपतात. भाऊंना स्वतःचं लेकरूबाळ नाही, वहिनी गेल्यापासून घरात एकटेच. पोरांसाठी खिशात बिस्किटाचा पुडा असतो. तो कोणीच घेत नाही, म्हणून संध्याकाळी माझ्याकडे येतो. मला वाईट वाटतं, पण मी खाते.

माणूस चहाचा भारी भोक्ता. तरी एखाद्या सकाळी कप पुढे केला की हाताने बाजूला सारायचे. मला वाटायचं, पित्त असेल.

मग पिहू आली. चार वर्षांची, नागझिऱ्याकडच्या एका गावातली. आजोबांना क्षयाचं औषध चालू, आणि हिचा ताप हटेना, वजन वाढेना. रडायला लागली की दोन हुंदक्यांत दम संपायचा. कशीबशी मिळालेली थुंकी काचपट्टीवर घेतली, पण सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नव्हतं. आजीने तर गाठोडं बांधायला घेतलं.

"सापडला नाई म्हंजे नाईच, असं नसते आजी," भाऊ म्हणाले. त्यांनी डॉक्टरांना गळ घालून पिहूला ठेवून घ्यायला लावलं.

पहिल्या सकाळी भाऊ सिस्टरना घेऊन खाटेशी गेले. "पोटात काई गेलं का जी?"

"काई नाई जी. नुसता चहा. अन् दोन टोस्ट."

भाऊंनी कपाळाला हात लावला.

"मंग का करू?" आजी भडकली. "लेकरू उपाशी अन् मी पाहत बसू? मी का गोटा आहो?"

दुसऱ्या सकाळी मी लवकर आले, तर भाऊ खाटेशेजारी स्टूल टाकून राखणीला बसलेले. मी चहा नेला. त्यांनी हात जोडले.

"लेकरू उपाशी हाय, मॅडम. मी कसा पिऊ?"

तेव्हा कुठे मला त्या पित्ताचा उलगडा झाला. आजीनेही ऐकलं आणि टोस्टची पिशवी मुकाट्याने खाटेखाली सरकवली.

पाणी मिळालं. काचपट्टी पुन्हा कोरी. मग उरलेलं पाणी नव्या यंत्रात घातलं. ते थोड्याशा जंतूंचाही माग काढतं आणि दोन तासांत सांगतं. दोन तास भाऊ व्हरांड्यात येरझारा घालत होते. मग धावत माझ्या खिडकीशी आले. "सापडला, मॅडम! अन् नेहमीचं औषध लागू होते!" हरवलेली म्हैस गोठ्यात परत आल्यासारखा आनंद! तेवढ्यात मागे उभी असलेली आजी दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला. तिला ही बातमी गोड कशी लागणार? ते तिच्याजवळ खाली बसले.

"आजी, चोर सापडला. आता त्याले हाकलता येते. फक्त एकबी दिवस औषध चुकवू नका."

त्यानंतर ते सलग तीन कप चहा प्यायले.

औषधं पूर्ण झाली तेव्हा पिहू दाखवायला आली. गाल वर आलेले, वेण्या घट्ट. समोर मेश्रामभाऊ दिसताच तिने असं भोकाड पसरलं, की रांगेतली माणसं वळून पाहायला लागली.

"गप वं!" आजी ओशाळली. "त्यायनंच तर तुले बरं केलं!"

"रडू द्या, आजी." भाऊ मान कलती करून ऐकत होते. डोळे भरून आले होते. "आयकून राहिल्या का, मॅडम? एका दमात!"

मग बिस्किटाचा पुडा माझ्या खिडकीत ठेवून ते दाराआड झाले.

"तुमीच द्या. माह्या हातून घेत नाई ते."