अर्धवट कुरळे

आरशात डावीकडून पाहिलं तर लाटा, उजवीकडून पाहिलं तर नुसत्या सुतळ्या. भूगोलाच्या बाईंचं डोकंच फिरलं. सोमवारी शाळेत ऑफिसच्या कामावर रुजू व्हायचं होतं. गळ्याच्या ऑपरेशनने आवाज नेला, निदान केस तरी झोकात असावेत म्हणून ते कुरळे करायला पर्म केला, तर तोही असा फसला. त्यात ओरडायचीही सोय नव्हती. तोंडातून नुसती फुसफुस निघे, आणि ती एकट्या नवऱ्यालाच कळे. त्याला ओढतच बाई पार्लरमध्ये पोचल्या.

पार्लरवालीवर बोट रोखून त्या फुसफुसल्या, की हिला धड वेणी घालता येत नसेल, तर हिच्या दुकानाला कुलूप लावीन.

"ती म्हणतेय," नवरा नम्रपणे म्हणाला, "उजवी बाजू जराशी राहिल्यासारखी वाटतेय."

बाईंनी त्याच्या पायावर पाय दिला आणि पुन्हा सगळं ऐकवलं, चार शिव्या वाढवून. नवऱ्याने त्याचं "सवडीने बघा" असं केलं.

पार्लरवालीने एक बट बोटांत धरून पाहिली. "औषधं चालू आहेत का, असं मी त्या दिवशी पर्मच्या आधी विचारलं होतं. थायरॉईडच्या गोळ्या असल्या की कधीकधी पर्म धरत नाही. मी थांबा म्हणाले असते. पण साहेब म्हणाले, काही नाही."

हे खरं होतं. मात्र तसं म्हणावं म्हणून बाईंनीच त्याला चिमटा काढला होता. केस करायला आलोय, तपासणीला नाही, असा त्यांचा बाणा. आता कबूल करतील तर त्या बाई कसल्या? सगळा घोळ ह्यांचा, असं त्या दातओठ खात फुसफुसल्या.

नवऱ्याचाही पारा चढला होता. "ती म्हणतेय, चूक माझीच."

"मी असं म्हणालेच नाही!"

आवाज घोगरा होता, पण दाराबाहेर गेला. पार्लरमधल्या माना वळल्या. बाईंनी गळ्याला हात लावला. आवाज परत येईलच असं नाही, वर्गावर शिकवणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

नवऱ्याचे डोळे भरून आले. "पुन्हा म्हण," तो म्हणाला.

बाईंनी पुन्हा म्हटलं. मग इतके दिवस पोटात साठलेलं सगळं बाहेर पडलं, अगदी घर येईपर्यंत. एरवी पुढे पुढे चालणारा नवरा आज खाली मान घालून शेजारून चालत होता, एक शब्दही निसटू नये म्हणून.